मणेर मॅडमची मोजणी

शहनाज मणेर पहिला आकडा कधीच लिहून घेत नसत. मोजणी सुरू होई, पडद्यावर वेग उमटे आणि त्या खिडकीबाहेर बघत बसत. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीपासून त्या पेन्सिल उचलत. समोरचं गिऱ्हाईक पहिल्याच आकड्यावर खूश झालेलं असलं तर त्याला म्हणत, "त्यो सोडा. यंत्र अजून जागं व्हायचंय."

त्यांची खोली राजारामपुरीत आठव्या गल्लीत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'नेटवर्क मोजणी'. ती वाचून सातबाऱ्याचे कागद घेतलेली माणसं अधूनमधून वर चढून येत. मॅडम त्यांना पाणी देत आणि भूमी अभिलेखाचं कार्यालय कुठे आहे ते समजावून सांगत. पाटी बदलावी असं मी एकदा सुचवलं होतं. "शब्द बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "जिना चुकतोय लोकांचा."

मी त्या वेळी एका दैनिकाच्या कोल्हापूर आवृत्तीत उद्योगाचं पान बघत होतो. मॅडमना प्रथम पाहिलं ते आमच्याच कार्यालयात. तयार झालेली पानं संगणकावरून शिरोलीच्या छपाईखान्याकडे जात, ती वाटेत अडकू लागली होती. यंत्रं पुरवणाऱ्याने सगळे संगणक जुने झाल्याचा निकाल दिला. चार नवे आले आणि ते जुन्यांपेक्षा हळू निघाले. तेव्हा कुणीतरी मणेर मॅडमचं नाव घेतलं.

त्या सकाळी दहाला आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा ठेंगणा, डोक्यावर ओढणी, पायात कापडी बूट, हातात पत्र्याची पेटी. पेटीत एक छोटा संगणक, नेलपॉलिशने क्रमांक घातलेल्या दोन वायरी आणि एक लांबट वही. आल्या आल्या त्यांनी संपादकांसकट सगळ्यांना अर्धा तास जागेवरून उठवलं.

"आम्ही गप्प बसून काम केलं तर?" संपादकांनी विचारलं.

"तर मी तुमचं काम मोजीन, साहेब. मला वायर मोजायचीय."

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. एका संगणकातून दुसऱ्याकडे माहिती पाठवायची आणि सेकंदाला किती पोचते ते बघायचं. मग यंत्र तेच ठेवून त्यावरची कार्यप्रणाली बदलायची, म्हणजे विंडोज काढून लिनक्स घालायचं किंवा उलट, आणि पुन्हा मोजायचं. मग कार्यप्रणाली तीच ठेवून यंत्र बदलायचं, नेटवर्कचं कार्ड बदलायचं, वायर बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या की वेग का वाढला किंवा का पडला हे कुणालाच सांगता येत नाही. अंदाज तेवढा करता येतो, आणि अंदाजाचा त्यांना तिटकारा होता.

आमच्याकडे त्यांनी जुना आणि नवा संगणक शेजारी मांडले. नव्यावरची कार्यप्रणाली जुन्यावर घातली, तर जुनाही रेंगाळला. जुनी नव्यावर घातली, तर नवा पळायला लागला. दोष शेवटी एका लहानशा प्रोग्रॅममध्ये निघाला. नेटवर्कचं कार्ड चालवणारा तो प्रोग्रॅम दुसऱ्याच बनावटीच्या कार्डासाठी होता. तो बदलायला पंधरा मिनिटं लागली. शोधायला दीड दिवस लागला होता. यंत्रं पुरवणारा तिथेच उभा होता. आपलं यंत्र वाईट नाही एवढं तरी लिहा, असं तो म्हणाला. "वाईट-चांगलं मी लिहीत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "किती, ते लिहिते."

त्यानंतर मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. त्यांच्यावर एक मोठा लेख करायचं मनात होतं.

खोलीत दोन लोखंडी टेबलं आणि त्यांवर चौदा संगणक होते, वेगवेगळ्या काळातले, काही कोल्हापूरच्या बँकांनी मोडीत काढलेले. मोजणी चालू असताना येणाऱ्याने मोबाईल बंद करून जिन्यातल्या डब्यात ठेवायचा, असा दंडक होता. त्यांचा स्वतःचाही त्याच डब्यात असे. पहिल्या दोन सोडून मोजणीच्या अकरा फेऱ्या होत. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. सरासरी का काढत नाही, असं मी विचारलं. त्यांनी एका फेरीचा भलताच पडलेला आकडा दाखवला. "सरासरी काढली की ह्या एका येड्यापायी धा शहाण्यांची बदनामी."

बाजारातही त्या अशाच वागत. भाजीवालीला एकच भाव तीनदा विचारत. राजारामपुरीतली एक भाजीवाली त्यांना म्हणालेली मी ऐकलं आहे, "मॅडम, आता चौथ्यांदा इचारलासा तर वाढवून सांगीन." त्यावर मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "सांगा की. मग मला कळंल, पहिला खरा हुता का न्हाई."

एकदा पुण्याहून एक विक्रेता नव्या बनावटीचं नेटवर्क कार्ड आणि सोबत स्वतःचा संगणक गाडीत घालून घेऊन आला. त्याला मॅडमच्या सहीचा अहवाल हवा होता. त्याच्या संगणकात कार्ड जोरात चालत होतं. मॅडमनी ते आपल्या सहा यंत्रांत घालून बघितलं. सहाही ठिकाणी वेग निम्म्यावर आला.

"मॅडम, तुमची मशिन्स जुनी आहेत," तो म्हणाला.

"व्हय की. कोल्हापुरात हीच हायत."

त्याला मिळालेल्या अहवालाचा शेवट मी उतरवून घेतला होता. 'हे कार्ड विक्रेत्याच्या संगणकात जलद चालते. सदर संगणक विक्रेत्यासोबत पुण्यास परत गेला आहे.' बोलताना कोल्हापुरी आणि लिहिताना असं. त्यात विनोद आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही.

एव्हाना जिल्ह्यातल्या कारखान्यांत, सहकारी संस्थांत, महाविद्यालयांत त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं. वारणानगरकडच्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं, की खरेदीच्या बैठकीत वाद पेटला की कुणीतरी "मणेर मॅडमनी मोजलंय का?" एवढंच विचारतं आणि आवाज खाली येतात. लेख जवळजवळ लिहून झाला होता. फोटो तेवढे राहिले होते. त्यासाठी एका मंगळवारी सकाळी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गेलो. मॅडमनी तिथे आदल्या दिवशी मोजणी केली होती.

त्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते. यंत्रं मोकळी मिळतात म्हणून मॅडम सोमवार पसंत करत. त्या फाउंड्रीत सोमवारी सगळं काम आटोपलं होतं. मांडणी तशीच ठेवली होती, ती केवळ माझ्या फोटोसाठी. पडद्यावर आकडे हलताना दिसावेत म्हणून त्यांनी मोजणी पुन्हा चालू केली. आकडे कालच्या निम्म्याहून खाली होते.

त्यांनी दुसरी फेरी घेतली, तिसरी घेतली. वायर बदलली. आकडे तिथेच. काहीही बदललेलं नव्हतं. यंत्र तेच, कार्यप्रणाली तीच, कार्ड तेच.

बाजूने एक कामगार चालला होता. मॅडमनी त्याला थांबवलं. "भट्टी लावली काय वो?"

"ह्ये काय, आत्ताच लावली की."

त्या उठल्या आणि वायरीच्या कडेकडेने चालत शेडमध्ये गेल्या. मी मागे होतो. संगणकाची बारीक वायर आणि विजेच्या भट्टीची मनगटाएवढी जाड केबल एकाच पत्र्याच्या पन्हळीतून शेजारी शेजारी गेल्या होत्या. भट्टी चालू झाली की जाड केबलमधल्या विजेमुळे बारीक वायरीतली माहिती बिघडत होती. बिघडलेली माहिती यंत्र पुन्हा पाठवत होतं, आणि वेग पडत होता.

मला वाटलं, दोष सापडला, आता त्या खूश होतील. त्या ऑफिसात परत आल्या आणि वही मागे उलटत गेल्या. दुसऱ्या एका कारखान्याच्या, आठ महिन्यांपूर्वीच्या दोन पानांवर थांबल्या. वहीत तारखेचा रकाना होता, वेळेचा होता, खिडकी उघडी की बंद याचाही होता. वाराचा नव्हता.

भिंतीवर कॅलेंडर होतं. "ह्या दोन तारखांचे वार वाचा," त्या मला म्हणाल्या.

मी पानं मागे करून वाचले. पहिली तारीख सोमवारची होती, दुसरी मंगळवारची.

त्यांनी दोन्ही तारखांपुढे वार लिहिले. मग म्हणाल्या, "एक माणूस काट्यावर बसलाय माझ्यामुळं."

तो माणूस कोण, हे त्यांनी मला रिक्षात सांगितलं. त्याच एमआयडीसीत पोवार नावाच्या गृहस्थांची फाउंड्री होती. तिथले संगणक दिलीप चौगुले सांभाळत. भट्टीचं तापमान दर मिनिटाला शेडमधून ऑफिसात पोचावं, अशी सोय चौगुल्यांनी जुन्याच यंत्रांवर लिनक्स घालून उभी केली होती. आकडे उशिरा येऊ लागले तेव्हा मालकांनी मॅडमना बोलावलं. यंत्र तेच ठेवून एकदा विंडोजवर, एकदा लिनक्सवर मोजायचं ठरलं. दोन्ही मोजण्या सोमवारीच करायच्या होत्या. विंडोजची झाली. लिनक्स पुन्हा घालायला वेळ लागला, राखणदाराला शेड बंद करायची घाई होती, म्हणून ती मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. तिथेही बारीक वायर भट्टीच्या केबलशेजारून, एकाच पन्हळीतून गेली होती. सोमवारी भट्ट्या थंड होत्या. मंगळवारी पेटल्या होत्या. लिनक्सचा वेग निम्म्यावर आला आणि मॅडमनी तसं लिहून दिलं. आयुष्यभर एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या बाईंनी त्या दिवशी दोन बदलल्या होत्या, आणि त्यांतली दुसरी त्यांच्या वहीत मावतच नव्हती.

अहवालानंतर मालकांनी सगळीकडे विंडोज घातलं. चौगुल्यांना संगणकावरून काढून फाटकाजवळच्या वजनकाट्यावर ट्रकच्या पावत्या फाडायला बसवलं.

आम्ही पोचलो तेव्हा चौगुले पावतीच फाडत होते. पन्नाशीच्या आतले, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मॅडमना बघून उभे राहिले.

"मॅडम, तुमी? आत जावा की, मालक हायत."

"तुमच्याकडंच आलेय. चौगुले, तुमच्या लिनक्सची मोजणी मी चुकीची केली."

चौगुल्यांनी आधी ड्रायव्हरच्या हातात पावती दिली. मग विचारलं, "कशात चुकली?"

मॅडमनी सांगितलं. सोमवार, मंगळवार, भट्टी, पन्हळ. एकही शब्द मऊ केला नाही. चौगुले ऐकत होते.

"म्हंजे लिनक्स हळू नव्हतं."

"नव्हतं."

"मी घरचं बी पुसलं हो."

"काय पुसलं?"

"घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स हुतं माझ्या. बारा वर्सं. तुमचा रिपोर्ट आला तवा काढून टाकलं. मला वाटायचं चांगलं चालतंय. पण माझं नुसतं वाटणं, आन तुमी मोजलेलं."

"एक फोन करायचा हुतासा मला."

"कशाला करू? तुमी तीनदा बघितल्याबिगर लिवत न्हाई, ह्ये सगळ्यास्नी म्हाईत हाय. म्हटलं, आपलंच डोकं हुकलं."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. चौगुले खाली बसले आणि नंबर लिहू लागले. मॅडम केबिनीच्या दारात तशाच उभ्या होत्या. त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्या विश्वासापायी स्वतःला मूर्ख ठरवून बसला होता, आणि त्याने तक्रारही केली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आत मालक पोवारांनी विषय झटकून टाकायचा प्रयत्न केला. "आठ म्हैनं झालं की मॅडम. आता कशाला उकरायचं? विंडोज घातलंय, चाललंय."

"तापमानाचे आकडे वेळेवर येतात?"

"न्हाईत येत. पर ते मशिनं जुनी झाल्यात म्हणून."

"ह्ये कुणी मोजलं?"

मॅडमनी पोवारांकडे दोन दिवस मागितले, येता सोमवार आणि मंगळवार. अट घातली, की दोन्ही दिवस मालकांनी समोर उभं राहायचं आणि चौगुल्यांना काट्यावरून सोडायचं.

त्या दोन दिवसांत मी जे बघितलं, तसं वृत्तपत्राच्या वीस वर्षांत बघितलं नव्हतं. मॅडमनी भिंतीवर चार कागद चिकटवले. सोमवार विंडोज, सोमवार लिनक्स, मंगळवार विंडोज, मंगळवार लिनक्स. संगणकासमोरच्या खुर्चीत चौगुल्यांना बसवलं. आकडे चौगुल्यांनीच वाचायचे, त्यांनीच कागदावर घालायचे. मॅडम हात मागे बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या. सोमवारचे दोन्ही कागद भरले. आकडे इतके सारखे होते, की मालकांनी चष्मा काढून पुसला. मंगळवारी भट्ट्या पेटल्या आणि दोन्ही कार्यप्रणालींचे आकडे एकदमच खाली आले. चहाच्या सुट्टीत कामगार भिंतीपाशी जमले. आपल्याच भट्टीने आपल्याच वायरीची ही गत केली, याचं त्यांना कौतुक वाटत होतं. "आपली भट्टी लईच तापट," एक जण म्हणाला. चौगुल्यांनी मान वर केली नाही. ते शेवटची फेरी लिहीत होते.

मालकांनी चारही कागद पुन्हा वाचले. "म्हंजे मशिनं बरी, विंडोज बरं, लिनक्स बी बरं. मग वाईट काय हुतं?"

"वायरीची जागा," मॅडम म्हणाल्या. "आन माझा अहवाल."

मालक चौगुल्यांकडे वळले. "चौगुले, उद्यापासनं आत या."

"आधी वायर हलवू द्या, मालक," चौगुले म्हणाले. "मग बघू."

मॅडमनी त्यानंतर कारखान्यांतल्या आपल्या सगळ्या जुन्या मोजण्या बाहेर काढल्या आणि कोणती कोणत्या वारी झाली ते शोधलं. आणखी दोन ठिकाणी शंका निघाली. तिथे त्या स्वतः गेल्या आणि पुन्हा मोजून आल्या. सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र गेलं, त्यात चूक पहिल्याच वाक्यात होती. काहींनी पुन्हा बोलावलं नाही. मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही.

मला त्यांनी एवढंच सांगितलं, की लेख छापायचा तर ह्या प्रकरणासकट छापा, नाहीतर फाडून टाका. मी छापला. पण गडबडीत चौगुल्यांचं आडनाव चुकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या पानावर, तळाला, दोन ओळींची दुरुस्ती दिली. मॅडमनी तो अंक माझ्यासमोर उघडून ठेवला.

"चूक केवढ्या अक्षरात हुती?"

मी सांगितलं.

"मग दुरुस्ती एवढीशी का?"

अशीच पद्धत आहे, असं मी म्हणालो. त्यांनी अंक घडी करून परत दिला. त्या घडीकडे बघताना मला माझ्या धंद्याबद्दल जे वाटलं, ते इथे लिहायचं कारण नाही.

महिन्याभराने माझी बदली दुसऱ्या आवृत्तीत झाली. निघण्याआधी भेटावं म्हणून खोलीवर गेलो तर कुलूप होतं. चष्मेवाला म्हणाला, त्या पोवारांच्या फाउंड्रीत आहेत. तिथे पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. चौगुल्यांनी बारीक वायर पन्हळीतून काढून समोरच्या भिंतीवरून, स्वतंत्र लोखंडी पाइपातून नेली होती. तिचीच मोजणी चालली होती. शेड तापली होती. मॅडम पडद्यासमोर होत्या, चौगुले त्यांच्या पाठीमागे उभे. आकडा चांगला आला, सोमवारच्या तोडीचा. मॅडम तो वहीत लिहायला वाकल्या.

"थांबा, मॅडम," चौगुले म्हणाले. "ह्यो घेऊ नका."

मॅडमनी मागे वळून बघितलं.

"दोन नंबरची भट्टी अजून लावल्याली न्हाई. त्या मंगळवारी मोजलं तवा दोन्ही चालू हुत्या. एकीवर मोजून पाइप चांगला कसा म्हणायचा?"

मॅडमनी शेडकडे बघितलं. दुसऱ्या भट्टीपाशी कुणीच नव्हतं. त्यांनी वही मिटली.

"कवा लावतील?"

"अर्धा तास जाईल."

"मग बसते," त्या म्हणाल्या, आणि साच्याच्या एका उपड्या पेटीवर ओढणी सावरून बसल्या.

चौगुले दोन नंबरच्या भट्टीकडे निघाले. मला जायचं होतं. फाटकातून मागे बघितलं तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, मिटलेली वही मांडीवर, नजर चौगुले गेले त्या दिशेला.